कोरडी नळी

उन्हं खडकामागे गेली की एतुकोच्या अंगणात मडकं मांडलं जायचं, आणि नेमक्या त्याच वेळी इलुकोर एखादी सायकल उलटी करून बसायचा. सायकल बिघडलेली असो की नसो. चाक काढायचं, एकेक स्पोक पुसायचा, चाक परत बसवायचं. हात कामात असले की कान कमी ऐकतात असा त्याचा समज होता. समज साफ खोटा होता. चार घरं पलीकडून त्याला सगळं ऐकू यायचं. आंबवलेल्या नाचणीवर कढत पाणी ओतल्याचं, तिवया सरकवल्याचं, आणि मग पहिल्या घोटानंतर पसरणारी शांतता. दहा-बारा बाप्ये लांब नळ्या तोंडात धरून एकाच मडक्यातून अजोन ओढत असतात आणि थोडा वेळ कुणालाच काही बोलायचं नसतं. इलुकोरला दारूपेक्षा त्या शांततेची आठवण जास्त छळायची.

आमच्या तेसो मुलखात माणसाला स्वतःचं छप्पर नसलं तरी एक वेळ चालतं, पण मडक्याशी जागा लागते. सोयरिकी तिथे जुळतात, भांडणं तिथे मिटतात. ज्याची त्याची नळी वेगळी, माणसाच्या उंचीहून लांब, खालच्या टोकाला विणलेली गाळणी. एकाची नळी दुसऱ्याच्या तोंडाला लागत नाही. माणूस मेला की ती मोडून त्याच्या शेजारी पुरतात. आणि धडधाकट असून जो मडक्याशी बसत नाही त्याच्याविषयी लोक दोनच गोष्टी धरून चालतात: एक तर तो प्रार्थनेच्या मंडळीत गेला, नाहीतर त्याच्या मनात आपल्याविषयी काहीतरी काळंबेरं आहे.

प्रार्थनेच्या मंडळीत इलुकोर जाऊन आला होता. माणसं चांगली होती. त्यांनी त्याला पुढे उभं केलं आणि सांगितलं, देवाने तुला कुठून बाहेर काढलं ते सांग. इलुकोरला कबरीतून, एवढंच आठवलं, आणि तो खाली बसला. पुन्हा गेला नाही.

कबरीची गोष्ट गावात पोराटोरांनाही पाठ होती. इलुकोरची आई गेली तेव्हा तो सकाळपासून वारागी, म्हणजे गाळलेली कडक दारू, पीत होता, अजोनवर त्याचं भागेनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. माती लोटायच्या वेळी तो पुढे वाकला आणि सरळ आत गेला, आईच्या अंगावर. चौघांनी ओढून वर काढला. लोक आधी घाबरले, मग हसले, आणि इलुकोरही हसला. ते हसू अगुतीने, त्याच्या बायकोने, पाहिलं. तिने आदळआपट केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडलं, झाडू जागेवर ठेवला आणि भावाच्या घरी निघून गेली.

त्यानंतरही तो प्यायचा थांबला नाही. रक्ताची उलटी झाली तेव्हा मुलाने, ओमोडिंगने, त्याला सोरोटीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या मुलीसारख्या. त्या म्हणाल्या, पुन्हा घोट घेतलात तर इथपर्यंत पोचायचे नाहीत. त्यांनी ते इतकं साधेपणाने सांगितलं की इलुकोरचा विश्वास बसला. तेव्हापासून तो कोरडा होता. सुरुवातीला त्याला वाटलं, दारू सोडली की अगुती येईल, जणू काम झालं की मजुरी मिळतेच. ओमोडिंगने आईला जाऊन सांगितलंही. ती म्हणाली, याआधीही सोडली होती त्याने. ते खरंच होतं, त्यामुळे इलुकोरला रागावताही आलं नाही.

तो घरी एकटा राहत होता. चिंचा चघळायचा, भुईमूग भाजून खायचा, बैलाशी बोलायचा. बैलाला त्याच्या बोलण्यात रस नव्हता. गावात मात्र त्याच्याविषयी बोलणं वाढलं होतं. एतुकोने मडक्याशी कुणाला तरी म्हटलं, इलुकोर आपल्या नळ्यांपासून एवढा लांब पळतो, त्याला मडक्यातलं असं काय ठाऊक आहे जे आपल्याला नाही? पुढच्याच आठवड्यात एतुकोच्या चुलतभावाचं पोट बिघडलं. झालं. माणसं पंक्चर काढायला पलीकडच्या गावी जायला लागली. जी येत ती उभ्या उभ्या बोलत आणि निघून जात. पन्नास वर्षं ज्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो तीच माणसं आपल्या हातचं पाणी घ्यायला कचरतात, हे पाहून इलुकोरला रात्री अंथरुणात रडू यायचं.

अशात ओमोडिंगला मुलगा झाला.

ओमोडिंग कुमीत गवंडीकाम करायचा, पण बारसं घराण्याच्या अंगणातच व्हायला हवं. आजी अजोनात बोट बुडवून बाळाच्या ओठाला लावते आणि पूर्वजांची नावं घेत जाते; ज्या नावाला बाळ बोट चोखेल ते त्याचं नाव. पण त्याआधी आजोबाने, म्हणजे घरच्या मालकाने, मडक्यातला पहिला घोट घ्यायचा. मडक्यात काही घातलेलं नाही, या घराच्या मनात काही नाही, याची ती खूण. तोवर पाहुण्यांच्या नळ्या कोरड्या.

ओमोडिंगने सांगितलं की आई येणार आहे. सांगताना तो सायकलच्या घंटीशी चाळा करत होता.

"राहायला?" इलुकोरने विचारलं.

"नाही. मी विचारलं तर म्हणाली, बघीन."

"बघीन म्हणाली?"

"तेवढंच म्हणाली, बाबा."

इलुकोरने त्या एका शब्दावर कितीतरी संध्याकाळी काढल्या. अगुती तोंडदेखलं बोलणाऱ्यांतली नव्हती. बघीन म्हणाली म्हणजे ती डोळ्यांनी बघणार होती.

अजोन करायला सांगायला तो आसिओकडे गेला. आसिओ विधवा होती, त्याच्याहून वयाने मोठी, आणि गावात तिच्या हातच्या अजोनला तोड नव्हती. बायकांच्या मडक्याशी रोज संध्याकाळी ती सगळ्यात आधी बसायची आणि सगळ्यात शेवटी उठायची. तिने नाचणी सुपात घेतली, पाखडली आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, "पहिला घोट कोण घेणार?"

"ओमोडिंग घेईल."

"तू जिवंत असताना? लोक तुझ्याविषयी आत्ताच काय बोलतात ते कानावर आहे ना तुझ्या?"

"मग मीच घेईन, मावशी. घेईन आणि थुंकून टाकीन."

"पिणारा माणूस थुंकताना मी अजून पाहिला नाही," आसिओ म्हणाली.

ती उठली, छपरात खोचलेली स्वतःची नळी काढली आणि त्याच्या हातात दिली. फुंक म्हणाली. इलुकोरने फुंकलं. वारा जाईना. त्याने गाल फुगवून पुन्हा फुंकलं. मग नळी उलटी करून पाहिली. गाळणीच्या आत, बाहेरून दिसणार नाही असं, मधमाशांचं मेण ठासून भरलेलं होतं.

एवढी वर्षं ही बाई सगळ्या बायकांत नळी तोंडात धरून बसत होती आणि तिच्या पोटात थेंब जात नव्हता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"माझा धाकटा चुलीत पडला तेव्हापासून. मी लांब नव्हते, मडक्याशीच होते. तो रडत होता ते ऐकू येत होतं मला. म्हटलं, रडून रडून झोपेल." तिने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "जगला तो. एम्बालेत ट्रक चालवतो. हाताची बोटं जुळलीत त्याची. इकडे येत नाही."

"मग मडक्याशी बसतेस कशाला? माझ्यासारखी लांब राहायचीस."

"आणि तुझ्यासारखी सायकली पुसत बसायची? माझ्याकडे सायकल नाही. मला दारू सोडायची होती, माणसं नव्हती सोडायची."

इलुकोर म्हणाला, पण पहिल्या घोटाची गोष्ट वेगळी, ते खोटं ठरेल. आसिओ म्हणाली, घोट कशासाठी घेतात, विष नाही हे सांगायला ना? अजोन मी करणार, विष नाही हे मला ठाऊक आहे आणि तुलाही, मग फसवलं कुणाला? पिणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट पटवून घ्यायची असली की फार वेळ लागत नाही. पिणं सोडलं म्हणून ती खोड जात नाही. इलुकोरला पटलं.

घरी येऊन त्याने आपली नळी काढली, मेण मऊ करून गाळणीत भरलं आणि सायकलच्या फुटक्या आरशासमोर बसून सराव केला. गाल आत गेले पाहिजेत, गळ्याची घाटी वरखाली झाली पाहिजे, मग डोळे किंचित मिटले पाहिजेत. गळ्याला काही शिकवावं लागलं नाही.

बारशाच्या दिवशी अगुती भावाच्या सायकलवर मागे बसून आली. केस पिकले होते. तिने इलुकोरला दुकानदाराला करावा तसा नमस्कार केला, अंगणाकडे एक नजर टाकली, कोपऱ्यातला झाडू उभा आहे की आडवा तेही पाहिलं, आणि स्वयंपाकघरात गेली. सून बाळाला घेऊन तिथेच बसली होती. इलुकोरला अगुतीला मेणाविषयी सांगायचं होतं. पण तिच्याभोवती बायकांचा गराडा होता, आणि खरं सांगायचं तर त्याला घाईही नव्हती. त्याने मनात ठरवलं होतं की संध्याकाळी सगळे गेल्यावर तो नळी तिच्या हातात देईल, फुंक म्हणेल, आणि अख्ख्या गावाला कसं बनवलं ते सांगेल. मग ती हसेल. तिला हसताना त्याने कैक वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुपारी मडकं आंब्याखाली मांडलं. पुरुष गोल बसले. एतुको मुद्दाम इलुकोरच्या समोर बसला, नळी गुडघ्यावर आडवी धरून. बायकांचं मडकं पलीकडे चुलीजवळ होतं. तिथे आसिओ बसली होती. कढत पाणी ओतलं गेलं आणि नाचणीचा तो आंबूस, कोमट वास वर आला. इलुकोरने तो वास किती दिवसांत इतक्या जवळून घेतला नव्हता. त्याने नळी मडक्यात सोडली आणि तोंडात धरली.

गाल आत गेले. घाटी हलली. डोळे मिटले.

"इलुकोर आला," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते. एतुको पुढे झुकून म्हणाला, "अरे बाबा, आम्ही तर तुझी जागा शेळीला देणार होतो." शेजारच्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. नळ्या एकामागून एक मडक्यात उतरल्या, त्याच्या नळीला घासून बसल्या, आणि ती शांतता आली. तीच. इलुकोर तिच्या मधोमध बसला होता, दोन्ही बाजूंना खांदे, आणि त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. सुखात माणूस जे करतो ते त्याने केलं. आणखी एकदा ओढलं. मग आणखी एकदा.

तिसऱ्या वेळी त्याला कळलं की आपण सोंग करत नाही. तो जीव तोडून ओढत होता. गालफडं दुखत होती, जीभ नळीला चिकटली होती. तिकडे मेण होतं म्हणून थेंब येत नव्हता, एवढंच. मेण जरा पातळ बसवलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

त्याने डोळे उघडले. मडक्याच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात अगुती उभी होती. तिच्या हातात बाळ होतं. ती त्याच्या गळ्याकडे बघत होती. मग ती वळली, बाळ सुनेच्या मांडीवर ठेवलं, भिंतीजवळचं आपलं गाठोडं उचललं आणि कुंपणाकडे चालू लागली. ओमोडिंग आई, आई म्हणत मागे गेला. ती थांबली नाही.

बसल्या बसल्या हाक मारता आली असती. नंतर गाठून सांगता आलं असतं. पण नंतर सांगेन, हे वाक्य अगुतीने त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं ते त्याला माहीत होतं. इलुकोर उभा राहिला आणि त्याने नळी मडक्यातून बाहेर ओढली.

सगळे थिजले. पाहुणे बसलेले असताना यजमानाने नळी काढणं म्हणजे तुम्ही उठा असं सांगणं. त्याने नळी उलटी धरली, गाळणी वर करून. मग कमरेला खोचलेल्या सायकलच्या स्पोकने गाळणीची वीण उसवली. आतलं पिवळं मेण उन्हात सगळ्यांना दिसलं.

"अगुती," तो म्हणाला, फार मोठ्याने नाही. "बघ. एवढं बघ आणि मग जा."

ती कुंपणाशी थांबली. एतुकोने आपली नळी तोंडातून काढली. बाकीच्यांनीही काढल्या. एकाने बाजूला थुंकून पाहिलं.

"म्हणजे तू घोट घेतलाच नाहीस," एतुको हळू म्हणाला. "आम्हाला पाजलंस आणि स्वतः कोरडा बसलास. मडक्यात काय आहे?"

"अजोन आहे, दादा."

"मग प्यायला काय झालं?"

"प्यायलो तर मी मरेन. दवाखान्यात सांगितलंय. तुम्हाला सांगायची लाज वाटली. आईच्या कबरीत पडलो तेव्हा वाटली नाही, ती आता वाटते."

कबरीचं नाव निघालं आणि कुणी हसलं नाही, असं गावात पहिल्यांदाच झालं. पण कुणी नळीही पुन्हा खाली सोडली नाही. ही युक्ती तुला कुणी शिकवली, असं एतुकोने विचारलं. पलीकडे बायकांच्या मडक्याशी आसिओ नळी तोंडात धरून बसली होती आणि तिची नजर चुलीतल्या जाळावर खिळली होती. इलुकोर म्हणाला, माझी मलाच सुचली.

अगुती परत आली. गाठोडं काखेतच होतं. पुरुषांच्या कोंडाळ्यात बायका शिरत नाहीत. तिने दोघांना खांद्याने बाजूला सारलं. इलुकोरच्या हातून नळी घेतली, स्पोकही घेतला, आणि तिथेच उभी राहून मेण टोकरून काढलं. फुंकून पाहिलं. मग नवऱ्याची नळी मडक्यात सोडली, तोंडाला लावली आणि चांगला लांब घोट ओढला. तिला अजोन कधीच आवडायचं नाही. तोंड वाकडं करून तिने ते गिळलं.

"मी या घरची आहे," ती एतुकोला म्हणाली. "मी प्यायले. आता पाहिजे तर बसा, नाहीतर आपापल्या घरी जाऊन प्या."

मग एतुकोने नळी मडक्यात सोडली. त्याच्यामागे बाकीच्यांनी.

नाव ठेवताना बाळाने इलुकोरच्या बापाच्या आणि आजोबाच्या नावाला तोंड फिरवलं. एतुको म्हणाला, पोराने खापरपणजोबांपर्यंतचे सगळे पिणारे ओळखलेत. इलुकोरच्या लहानपणी वारलेल्या भावाचं नाव निघालं, ओकिरोर, तेव्हा त्याने अगुतीचं बोट चोखलं. सगळे खूश झाले. इलुकोर त्या वेळी कोंडाळ्याबाहेर उभा होता. त्याच्या जागी दोघे जरा सरकून बसले होते आणि जागा भरून गेली होती.

उन्हं कलली तशी माणसं पांगली. जाताना एतुकोने इलुकोरच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. ओमोडिंग बायको-पोराला घेऊन कुमीला निघाला. अगुतीचा भाऊ सायकल घेऊन उभा होता. इलुकोरने तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, असं त्याला वाटलं.

तिने नळी त्याच्या हातात दिली. "ही आता उघडी आहे," ती म्हणाली.

"मी या घरची आहे असं म्हणालीस तू. सगळ्यांसमोर."

"म्हणाले." तिने गाठोडं मागच्या कॅरिअरला बांधलं. "ते त्यांच्यासाठी म्हणाले. तुझ्यासाठी म्हणायचं की नाही ते बघीन."

सायकल चिंचेच्या वळणावर दिसेनाशी झाली. अंगणात मडकं होतं, तळाशी चार बोटं अजोन शिल्लक, अजून कोमट. इलुकोरच्या हातात उघडी नळी होती आणि आसपास माणूस नव्हतं. बारसं आटपून गेलेले पुरुष एतुकोच्या अंगणात जमले होते. तिवया सरकल्याचं ऐकू येत होतं. तो मडक्याजवळ किती वेळ उभा होता ते त्याचं त्याला कळलं नाही.

मग त्याने नळी गुडघ्यावर धरली आणि मोडली. आवाज त्याला वाटला होता त्याहून लहान झाला. कुदळ घेऊन तो आंब्यापलीकडे गेला, आईच्या कबरीच्या पायथ्याशी, आणि खणू लागला.

"मयताला एक तरी माणूस लागतं," मागून आसिओ म्हणाली. ती मडकं परत न्यायला आली होती. तिने मडकं आधीच गवतात रिकामं केलं होतं.

ती उभी राहिली आणि त्याने नळीचे दोन तुकडे खड्ड्यात ठेवले. माती लोटली. या वेळी तो फार पुढे वाकला नाही. लोटून झाल्यावर तो म्हणाला, तुझं नाव घेतलं नाही मी. ऐकलं मी, आसिओ म्हणाली. मग पायाने माती दाबत, "माझी नाही मोडवत मला. ती मोडली तर मी कुणाशी बसू?"

इलुकोर हातांची माती झटकत राहिला. एतुकोच्या अंगणात आता ती शांतता पसरली होती, आणि दोघेही ती ऐकत उभे होते.

"उद्या या वेळी काय करणार?" आसिओने विचारलं.

"एक चाक आहे. काढून परत बसवायचं."

"बिघडलंय का?"

"नाही."

आसिओने मडकं कमरेवर घेतलं. "मी येते. चाक धरायला कुणीतरी लागेल," ती म्हणाली, आणि घराकडे निघाली.